ओहोटीची वाट

बारकी आणि कॅप्टन एकाच कॉलेजच्या, पण परदेशी येईपर्यंत त्यांची ओळख जिन्यात भेटल्यावर हसण्यापुरतीच होती. हॉटेलच्या शिक्षणातला शेवटचा टप्पा बाहेरदेशी काम करून पुरा करायचा होता, म्हणून दोघींना समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात शिकाऊ म्हणून धाडलं. दोन पलंग, एक शेगडी आणि एक कुरकुरती खिडकी अशा संसारात त्या आठवड्याभरात सख्ख्या बहिणींसारख्या भांडू लागल्या.

बारकी घरात धाकटी आणि अंगानं काडी, म्हणून बारकी. 'कॅप्टन' हे नाव बारकीनंच ठेवलेलं. सुट्टीच्या दिवशी कुठली बस पकडायची, कुठला किल्ला बघायचा, कुठे उभं राहून फोटो काढायचा, सगळं कॅप्टन ठरवणार आणि बारकी मागून डबा घेऊन चालणार.

काम लाँड्रीत होतं. ओल्या चादरींचा डोंगर उपसायचा, गरम रुळांच्या मशीनमध्ये सारायचा, पलीकडे घड्या घालायच्या. दोघींच्या बोटांची सालं निघाली.

"शेफ व्हायला आले आणि इस्त्रीवाली झाले," बारकी फोनवर म्हणायची.

"ते असू दे, जेवलीस का?" आई विचारायची.

लाँड्रीच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. म्हणजे कधी दिसायचा, कधी जागेवर नसायचाच. ओहोटीला पाणी इतकं मागे हटायचं, की नजर पोचेल तिथवर नुसती ओली वाळू.

"इथला समुद्रही हक्काची रजा घेतो," कॅप्टन म्हणाली.

वाळूच्या पलीकडे एक बेट होतं, त्यावर पांढरं दीपगृह. तिथे चालत जाता येतं असं कळल्यापासून कॅप्टनच्या डोक्यात तेच. लाँड्रीची मुख्य बाई उंच आणि अबोल होती. दोघी तिला आपसात मामी म्हणत. मामी काम करताना खिडकीकडे नेहमी पाठ करून उभी राहायची. कॅप्टननं तिला बेटाचं विचारलं.

"जातात माणसं," मामी म्हणाली. "वाटाड्या घेऊन. धुकं नसेल तेव्हा."

"आधी बघून घेऊ ना धुकं आहे का ते."

"ते येताना दिसत नाही," मामी म्हणाली. "आलं की दिसतं."

रविवारी बारकीनं केस धुतले आणि तेवढ्यात वाटाड्याची तुकडी निघून गेली. कॅप्टन चिडली, पण किनाऱ्यावर जाऊन बघते तर वाळूत पावलांची सरळ रांग.

"ही घे, वाटाड्या वाट मागे ठेवून गेलाय," ती म्हणाली. "चल."

सुरुवातीला मजा वाटली. वाळू कडक होती, ऊन पडलं होतं, बारकीचे केस वाऱ्यावर वाळत होते. वाटेत एक उंच खांब लागला. त्याला शिडी आणि वर मचाण. कॅप्टननं शिडीवर चढून फोटो काढून घेतला. हे इथे कशासाठी बांधलंय, हा विचार आधी बारकीच्या मनात आला. तिनं तो बोलून दाखवला नाही.

थोडं पुढे गेल्यावर पावलांच्या ठशांत पाणी दिसू लागलं. वरून ओतल्यासारखं नाही, खालून पाझरल्यासारखं. आणि दीपगृह पुसट झालं.

"मी परत चाललेय," बारकी म्हणाली.

"वेडी आहेस का? आलोच आपण!"

"कॅप्टन, मला हे बरं दिसत नाही."

"तुझं नेहमीचंच. वाटीभर पाण्यात बुडशील तू." कॅप्टन हसली नाही. "एक फोटो काढते आणि येते." आणि ती तरातरा निघालीसुद्धा.

बारकी वळली. समुद्र पुढून येईल अशी तिची समजूत होती. तो मागून आला होता. मघाशी कोरड्या पायांनी आलेल्या वाटेवर आता रुंद ओहळ वाहत होता. तिनं खांब गाठला तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. मचाणावर चढून ती ओरडली, "कॅप्टन! परत फीर!"

धुक्यातून उत्तर आलं, अगदी खुशीत. "अगं, आले ना! तुझ्या मागेच आहे!"

आवाज लांब जात होता.

"माझ्या मागे कशी? मी वर आहे! खांबावर!"

मग उत्तर आलं नाही. बारकीनं स्टीलची पाण्याची बाटली काढली आणि शिडीच्या लोखंडावर बडवत राहिली. हात बधिर झाला, घसा बसला, तरी थांबली नाही. शेवटी खालच्या पाण्यात काहीतरी खळबळलं. कॅप्टन छातीभर पाण्यातून येत होती. बारकीनं तिला दंडाला धरून वर ओढलं.

कॅप्टननं तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू इथे आहेस," ती म्हणाली. "मग ती कोण?"

"कोण ती?"

"पुढे चालत होती. बारीक, केस मोकळे. मला वाटलं, तूच वाट काढतेयस."

बाटलीचा ठणठणाट किनाऱ्यावर कुणीतरी ऐकला असावा, बचाव बोट आली. कॅप्टनचं ऐकून बोटवाले धुकं विरेपर्यंत घिरट्या घालत राहिले. सापडलं कुणी नाही. सकाळची तुकडी सगळी बेटावर सुखरूप होती आणि गावात कुणाचं माणूस हरवलं नव्हतं.

"घरी सांगायचं नाही," कॅप्टननं बारकीकडून वचन घेतलं. बारकीनं ते पाळलंही. पण सगळं ठरवणारी कॅप्टन आता काहीच ठरवेना. मशीनसमोर उभी असायची आणि नजर खिडकीबाहेर.

एका दुपारी ती जागेवर नव्हती. मामीनं खिडकीकडे बोट दाखवलं. बारकी धावली. कॅप्टन बूट हातात घेऊन ओल्या वाळूवर उभी होती. बारकीनं तिचं मनगट पकडलं.

"सोड गं," कॅप्टन हळूच म्हणाली. "ती थांबलीये माझ्यासाठी."

बारकीनं सोडलं नाही. खोलीवर नेऊन दाराला आतून कडी घातली आणि तिच्या देखतच तिच्या आईला फोन लावला.

"काकू, हिला घरी बोलवून घ्या. लगेच."

"का गं? आजारी आहे का?"

"हो काकू. आजारीच समजा."

कॅप्टननं विरोध केला नाही. तिचे वडील न्यायला आले. ते बसमध्ये सामान चढवत होते, तेव्हा कॅप्टन बारकीपाशी आली.

"त्या दिवशी तू मला काय म्हणून हाक मारत होतीस?"

"कॅप्टन. आणखी काय म्हणणार?"

"तेच." कॅप्टननं मान हलवली. "ती मला घरच्या नावानं बोलवत होती. लहानपणच्या. ते तर मी तुला कधी सांगितलंच नाही."

वडिलांनी हाक मारली. ती बसमध्ये चढली, खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला बसली आणि बस निघून गेली.