भटक्याचा उशीर

आमच्या आईने रूप दादाला दिलं, केस मला दिले, आणि हट्ट मात्र दोघांना भरभरून वाटला. तीन वर्षं आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो.

भांडण कशावरून? तर एका प्रोग्रॅमवरून! दादाने एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला होता, भटक्या. तो एका कॉम्प्युटरवर जातो, तिथलं काम उरकतो, आणि मिळालेली माहिती बरोबर घेऊन पुढच्या कॉम्प्युटरवर निघतो. पण चालायला त्याला प्रत्येक ठिकाणी एक आभासी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, लागतं, आणि ऑफिसातली ती मशीनं मी सांभाळते. "तुझा भटक्या कधी वेळेवर घरी येईल तर शपथ," असं मी चारचौघांत बोलून गेले. दादाला ते असं झोंबलं, की महिन्याभरात त्याने आमच्या भागीदार कंपनीत नोकरी धरली.

शेवटी मीच नमतं घेतलं. फोन करायला जीभ रेटेना, म्हणून दोन्ही कंपन्यांत अजून ये-जा करणाऱ्या त्याच्याच भटक्याबरोबर निरोप धाडला : नव्या घरी राहायला आलेय, रविवारी जेवायला ये. दादा आला नाही, भटक्याही परतला नाही. दोघांचं जेवण मी एकटीने रागारागाने संपवलं.

आज जुनी मशीनं कायमची पुसायची होती. यादीत शेवटी एक थांबवून ठेवलेलं मशीन निघालं.

"उडवू का?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

थांबवल्याची तारीख मी बघितली. त्याच रविवारच्या आधीचा शुक्रवार.

"थांब गं बाई!"

मशीन चालू केलं, आणि आत अडकलेला भटक्या जागा झाला. थांबवलेल्या मशीनमध्ये वेळ सरकत नाही; त्याच्या लेखी अजून शुक्रवारची दुपारच होती. क्षणात तो माझ्या स्क्रीनवर हजर, दादाचं उत्तर घेऊन : "येतो. पण नव्या घराचा पत्ता कुठाय, शहाणे? लगेच पाठव, वाट बघतोय."

आणि ते मशीन रिकामं समजून थांबवलं कोणी होतं? मीच, आणखी कोण!

मी तिथूनच फोन लावला.

"दादा, तुझं उत्तर आत्ता मिळालं. भटक्या ज्यात अडकला, ते मशीन मीच थांबवून ठेवलं होतं रे."

"म्हणजे माझा भटक्या वेळेवर निघाला होता?"

"हो रे बाबा, वेळेवर निघाला होता. चुकले मी."

"मग पत्ता सांग."

मी सांगितला. दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा माझ्या रडण्यात त्याला एक अक्षर कळलं नाही.