चौदाव्या भागातलं एक वाक्य

त्या इमारतीच्या लिफ्टइतकी धडधाकट लिफ्ट त्या दिवसांत अख्ख्या शहरात नव्हती. कामाच्या प्रत्येक दिवशी तिची तपासणी व्हायची, तीही नेमकी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. दोर बघितले जायचे, दरवाज्यांना तेल मिळायचं, आणि एवढं झालं की लिफ्टवाला आपली टूलबॅग आणि डबा उचलून चौथ्या मजल्यावर जायचा. लिफ्टनं नव्हे, जिन्यानं. लिफ्टमध्ये आरसा होता, आणि आरशात स्वतःला बघितलं की त्याचा उरलासुरला धीर सुटायचा.

चौथ्या मजल्यावर दातांची लॅब होती. दात काढायची नव्हे, करायची. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांची मापं तिथे यायची आणि तयार कवळ्या परत जायच्या. लॅब चालवणारी बाई तिशी ओलांडलेली, कोपरापर्यंत प्लास्टरनं माखलेली, कमी बोलणारी. इमारतभर तिला दातवाली म्हणत. लॅब मूळची तिच्या वडिलांची. हात थरथरायला लागल्यापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि लेकीच्या कामात चुका शोधायचे. चुका सापडत नसल्यामुळे बिचाऱ्यांचा दिवस जाता जात नसे.

तर या दातवालीला लिफ्टवाल्यानं लग्नाचं विचारलं होतं. सरळ, उभ्या उभ्या. तिच्या चिमट्यात तेव्हा कुणाची तरी दाढ होती. दाढेवरची नजर न काढता ती म्हणाली, "आजच एक कोरियन मालिका सुरू केलीय. तेवढी संपू दे, मग सांगते."

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर रुसला असता. आपला गडी घरी गेला आणि त्यानं मालिकेचे भाग किती ते शोधून काढलं. सोळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. यानं गुडघ्याला सोळा भाग बांधले. दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी लॅबमध्ये हजर. आपलं उत्तर एकेका भागानं जवळ येताना डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा.

फोन प्लास्टरच्या एका जबड्याला टेकवून ठेवलेला असे. पडद्यावर माणसं कोरियन बोलत, खाली सबटायटल्स पळत, आणि ती दातवालीचे वडील, म्हणजे काका, मोठ्यांदा वाचून दाखवत. पण काकांचं वाचन म्हणजे वरातीमागून घोडं. नायिका थोबाडीत मारून निघून जायची आणि मागून काका म्हणायचे, "मला तू फार आवडतोस."

गोष्ट मोठी मजेची होती. नायक एका गाद्यांच्या कंपनीचा वारस, आणि त्याला झोप येत नाही. नायिका घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचणारी, आणि तिला कुठेही झोप लागते: पायरीवर, बाकावर, एकदा तर नळाखाली. ती जवळ असली की यालाही झोप लागते. नायिकेचं एक पिवळं मांजर होतं, ते कायम नायकाच्या महागड्या बुटात बसायचं. काकांचा जीव त्या मांजरात अडकला होता.

पाचव्या भागात दोघं लिफ्टमध्ये अडकली. दिवे फडफडले, लिफ्ट गदगदा हलली आणि नायिका नायकाच्या गळ्यात पडली.

"खोटं आहे हे," लिफ्टवाला घास गिळून म्हणाला. "लिफ्ट अडकली की गप उभी राहते. हलत नाही."

"अहो, तिला मिठी मारायचीय. लिफ्टनं थोडं समजून घ्यायला नको?" काका म्हणाले.

"मिठी गप उभ्या लिफ्टमध्येही मारता येते, काका."

दातवाली त्यावर हसली. चांगली खळखळून हसली. मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "त्याचे वरचे सहा दात खोटे आहेत, ते कुणाला दिसत नाही. दाखवायचे दात वेगळे असतात, ते हे." लिफ्टवाल्यानं तोंड मिटलं आणि संध्याकाळपर्यंत जपूनच उघडलं.

घरी त्याची वहिनी होती. वहिनीनं अशा इतक्या मालिका पचवल्या होत्या की घरात कुणी शिंकलं तरी तिला पुढच्या भागात काय होणार ते कळायचं. दिराचं प्रकरण समजल्यापासून तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

"ती हे बघते ना? मग तिला हेच हवंय," वहिनी म्हणाली. "तो नायक काय करतो? ती जायला निघाली की मनगट धरतो. तुम्ही धरा."

"आणि ती जायला निघालीच नाही तर?"

"भाऊजी, तुम्हाला लग्न करायचंय की शंका काढायच्यात?"

त्यानं मनगट धरलं. भाग सातवा संपल्यावर धरलं. त्या हातात नुकतीच चकाकी दिलेली एक कवळी होती. ती निसटली, फरशीवर आपटली आणि मधोमध दुभंगली.

"मनगट सोडा," दातवाली म्हणाली. त्यानं सोडलं. "आता टेबलाखाली जा आणि उजवी बाजू शोधून आणा. एका हेडमास्तरांची आहे. परवा त्यांच्या नातीचं लग्न आहे." तो अर्धा तास टेबलाखाली होता, आणि खरं सांगायचं तर तिथे त्याला जरा बरंच वाटत होतं.

आठव्या भागापर्यंत सगळं झकास चाललं होतं. तिथेच संपवली असती तर त्या मालिकेचं काय बिघडणार होतं? पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे त्या लोकांना कुणी सांगितलेलं नसावं. नवव्या भागात नायकाच्या अंगावर त्याच्याच गोदामातल्या गाद्या कोसळल्या आणि त्याची स्मृती गेली. गाद्या पडून. मऊ गाद्या. दहाव्यात मांजर दिसेनासं झालं. अकरावा आणि बारावा भाग म्हणजे पहिले आठ भाग पुन्हा, मागे रडका पियानो.

दातवालीचा चेहरा दिवसागणिक उतरू लागला. ती कवळ्या जरा जोरातच घासू लागली. याच मालिकेच्या शेवटी तिनं उत्तर द्यायचं होतं. असल्या मनःस्थितीत माणूस दुकानदारालासुद्धा हो म्हणत नाही. लिफ्टवाला मग मालिकेची बाजू घेऊ लागला, जणू ती त्यानंच लिहिली होती.

"पुढे सुधारेल," तो म्हणायचा.

"गादी पडून स्मृती जाते?"

"ओली असेल गादी. ओली गादी जड असते."

"मांजर कुठे गेलं?" काका विचारायचे.

"मामाकडे गेलं असेल."

तेराव्या भागाच्या दिवशी, मंगळवारी, कंपनीनं त्याला बोलावून सांगितलं की नव्या पद्धतीच्या लिफ्ट शिकायला दुसऱ्या शहरात जायचंय. तीन महिने. रविवारी निघायचं. आता आली का पंचाईत? दातवालीला सांगायचं म्हणून तो घरी बसून वाक्य जुळवत होता, तेवढ्यात वहिनीनं ऐकलं आणि तिचे डोळेच लकाकले.

"सांगायचं नाही," ती म्हणाली. "चौदाव्या भागात तो काय करतो माहितीये? न सांगता निघून जातो. विरह झाल्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही. हा मफलर घ्या, तिच्या टेबलावर ठेवा आणि चालू लागा. ती धावत येते की नाही बघा."

वहिनीचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि त्याचं झालंच नव्हतं, म्हणून त्यानं ऐकलं. मफलर टूलबॅगेत गेला.

चौदाव्या भागात नायिका बाकावर झोपली होती. नायकाला सगळं आठवलं होतं. त्यानं तिच्या अंगावर आपला कोट पांघरला, चार वेळा मागे वळून बघितलं आणि विमानतळावर निघून गेला. काकांनी डोळे पुसले. दातवालीनं फोन पालथा घातला.

"का गेला हा?"

"तिच्या भल्यासाठी," लिफ्टवाला चाचरत म्हणाला.

"तिचं भलं तिला विचारून करायला याचं काय जात होतं? एक वाक्य बोलायचं. मी चाललोय, अमुक कामाला चाललोय, अमुक दिवशी येतो. त्याचे सहा दात खोटे आहेत, जीभ तर खरी आहे ना?"

तिथे लिफ्टवाल्यानं बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं. पण मग तिनं विचारलं असतं की कालच का नाही सांगितलं. त्यानं उघडलेल्या तोंडात घास घातला. टूलबॅगेतला मफलर त्याला पोटात गेल्यासारखा वाटत होता.

पंधराव्या भागात नायिका खिडकीतून बाहेर बघत राहिली. ते बघताना काकांना झोप लागली, तेव्हा त्या नायकानं खरं तर काकांकडूनच काही शिकायला हवं होतं.

शुक्रवारी शेवटचा भाग. दोन वर्षं उलटली. बर्फ पडू लागलं. नायक त्याच कोटात परत आला; म्हणजे जो कोट तो तिच्या अंगावर सोडून गेला होता, तोच. ती समोर आली. तो म्हणाला, "झोप लागते ना?" ती रडली, त्यानं मिठी मारली आणि पांढऱ्या पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली.

"झोप लागते ना?" काकांनी मागून वाचलं. मग इकडेतिकडे बघितलं. "संपलं? आणि मांजर?"

दातवालीनं वाडग्यात प्लास्टरची पावडर ओतली, पाणी घातलं आणि कालवू लागली. चमचा वाडग्यावर खणाखण वाजत होता.

"सोळा दिवस डबा गार करून खाल्ला," ती म्हणाली. "कशासाठी? गेला का, विचारू नका. मांजर कुठे, विचारू नका. कोट दोन कसे झाले, विचारू नका. झोप लागते ना म्हणे. असा मनस्ताप मला बिघडलेल्या कवळीनं दिला नाही." मग कालवता कालवताच तिनं लिफ्टवाल्याकडे बघितलं. "आणि हो. मी तुम्हाला उत्तर देणार होते."

आता मफलर टेबलावर ठेवून निघायचं होतं. त्यानं टूलबॅगेत हात घातला आणि मफलर काढला. दोन दिवस तेलाच्या डब्याशेजारी राहून त्याचं पोतेरं झालं होतं. तो हातात धरून तो उभा राहिला, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड आपोआपच सुटलं.

"मी रविवारी जातोय. तीन महिन्यांसाठी. नव्या लिफ्ट शिकायला, कंपनी पाठवतेय. परत येणार आहे. फोन तिथेही लागतो. मंगळवारपासून माहीत होतं, पण सांगितलं नाही, कारण वहिनी म्हणाली न सांगता जा आणि हा मफलर ठेवा, म्हणजे तुम्ही धावत याल. मालिका मलाही नवव्या भागापासून आवडत नव्हती. गादी ओली नव्हती."

तिनं मान वर केली नाही. वाडगा उचलला आणि साच्यात प्लास्टर ओतू लागली. थोडं ओतायचं, साचा टेबलावर ठकठक आपटायचा, बुडबुडे वर काढायचे, पुन्हा थोडं ओतायचं. लिफ्टवाला बघत राहिला. आटोपलं आपलं, असं त्याला वाटलं. तो टूलबॅग उचलायला वाकला.

"थांबा," काका हळूच म्हणाले. "प्लास्टर कालवलं की ती माझ्याशीही बोलत नाही. थांबलं की घट्ट होतं. तिच्या आईनं मला लग्नाचं विचारलं तेव्हा मीही साचा ओतत होतो. बसून होती बिचारी."

तो बसला. साचा भरला. तिनं तो बाजूला ठेवला, पुढे आली, त्याच्या हातातला मफलर घेतला आणि त्याला खुशाल हात पुसले.

"मंगळवारपासून माहीत होतं?"

"हो."

"आज शुक्रवार. त्या गादीवाल्याला दोन वर्षं लागली. चला, दगडापेक्षा वीट मऊ." तिनं मफलर उलटा करून दुसरा हात पुसला. "माझं उत्तर पाचव्या भागातच ठरलं होतं. तुम्ही लिफ्टच्या बाजूनं भांडलात तेव्हा."

लिफ्टवाल्याच्या आधी काकाच खुर्चीत सरळ झाले. "पाचव्या? अगं, मग अकरा भाग तू गप्प बसलीस, आणि शिव्या त्या गादीवाल्याला?"

वडिलांना अखेर तिची एक चूक सापडली होती, आणि त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. ती कानापर्यंत लाल झाली.

"सांगितलं असतं," ती लिफ्टवाल्याकडे न बघता म्हणाली, "तर तुम्ही रोज लिफ्ट तपासायला आला असतात का?"

"आलो असतो," तो म्हणाला.

"मग हो."

सोळा भाग ज्याची वाट बघितली ते पुरतं वाक्यही नव्हतं, एक अक्षर होतं. तिनं प्लास्टर आणि तेलानं माखलेला तो मफलर त्याच्या गळ्यात अडकवला, एक गाठही मारली, आणि पुन्हा कामाला लागली.

त्या दिवशी लिफ्टवाला पहिल्यांदाच लिफ्टनं खाली उतरला. आरशात बघितलं, तर गळ्याला पोतेरं आणि हनुवटीवर पांढरा पट्टा. त्याला वाटलं, असा काही वाईट दिसत नाही आपण. लिफ्टचं दार मिटता मिटता लॅबमधून काकांचा आवाज येत होता. पुढची मालिका दोघांनी दोन शहरांतून एकाच वेळी सुरू करायची तर खुशाल करा, पण त्यात मांजर असेल, तर ते शेवटपर्यंत आहे की नाही हे आधी कुणीतरी बघून ठेवा, असं ते लेकीला बजावत होते.