कल आणि काल

निंबोल्याच्या केळीच्या शेतात ऋषिकेशदादा पाइपाच्या तुकड्याने चंदनला झोडपत होता. हिमानीला वाटलं, आता हा पोरगा मरतोच!

"बोल साल्या, बटन तूच दाबलंस ना? सख्ख्या बापाची बोटं कापलीस!"

"नाही दाबलं, भैय्या! आईची शपथ!"

चंदनचा ओठ फाटला होता. त्याच्या बापाला, कडूकाकांना, आत्ताच बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. ते खताच्या टाकीत हात घालून आतली पाती पुसत होते, तर पाती गर्रकन फिरली आणि बोटं तुटून टाकीत पडली. बटनाजवळ एकटा चंदन उभा होता. दादाला तेवढं पुरलं.

टाकी आपोआप चालवणारा प्रोग्राम दादानेच लिहिलेला. चंदनने आदल्या दिवशी सांगितलं होतं, "भैय्या, कल टाकी साफ करायची, मशीन बंद ठेवजो."

"लॅपटॉपवर टाकलं होतं मी, कल बंद!" दादा गरजला आणि पाइप पुन्हा चंदनच्या पाठीवर बसला.

दादाची धाकटी बहीण हिमानी अकरावीत, कॉम्प्युटर तिचा जीव की प्राण. ती पंपघरातून लॅपटॉपच घेऊन आली. "दादा, प्रोग्राम परत लावतेय. चालेल ती प्रत्येक ओळ स्क्रीनवर दिसेल. टाकीपासून लांब व्हा सगळे!"

दादाने चंदनची कॉलर सोडली नाही. ओळी एकेक करून उमटू लागल्या.

निरोपाची तारीख, सतरा.

कल, सोळा.

"सोळा?" दादा स्क्रीनवर वाकला.

पाण्याच्या नोंदीसाठी त्याने आधी मराठीतला 'काल' लिहिला होता. बंद ठेवायला टाकला तो हिंदीतला 'कल', उद्या या अर्थाने. इंग्रजी अक्षरांत दोन्ही एकच, kal! मशीनने तो 'काल'च धरला.

बंद, सोळा. आज, अठरा. मिक्सर चालू.

टाकीत पाती धाडकन फिरली. लाल पाणी उसळून दादाच्या शर्टावर उडालं. बटनाजवळ कुणीच नव्हतं. चंदन तर त्याच्याच मुठीत होता.

हिमानीने मेन स्विच खाली ओढला. दादाच्या हातातून पाइप गळून पडला.

चंदनने तो उचलला, गुडघ्यावर मोडून फेकला आणि दादाची कॉलर पिळून त्याला गाडीकडे फरफटत नेलं.

"बस मागे. दवाखान्यात चल. माझ्या बापाला सांग, कुणी कापली. तुझ्या तोंडाने सांग."