बिनतारखेचा राजीनामा

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पानं एकशे बारा, आणि चित्र एकही नाही. कामगारांसाठी असलेल्या कायद्यांची सोप्या मराठीत माहिती देणं, एवढंच माझं काम. १९७१ साली नाशिकच्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी नाशिकरोडच्या एका वाचनालयात आले. तिथे काचेच्या कपाटात अगदी वरच्या खणात मला उभं केलं आणि कुलूप लावलं. तीन वर्षं मला कोणी हात लावला नाही.

धूळ खाण्याचं मला दुःख नव्हतं, पुस्तकांच्या नशिबी ते असतंच. मला राग यायचा तो समोरच्या बुटक्या कपाटाचा. त्यावर चिठ्ठी होती, 'महिला विभाग'. आत विणकाम, लोणची-मुरंबे, व्रतकथा आणि चार कादंबऱ्या. बायकांनी काय वाचायचं, हे चिठ्ठी चिकटवणाऱ्यानेच ठरवून टाकलं होतं!

१९७४ च्या डिसेंबरात एका रविवारी मालन वाचनालयात आली. ती देवळाली गावात राहायची. तिचे वडील सहादू मनमाडला रेल्वेत गँगमन होते. रुळांवर घण मारून त्यांनी मुलीला मॅट्रिक केलं होतं. सहा वर्षांपासून मालन सातपूरच्या एका कारखान्यात विजेची बटणं जुळवत होती. आता तिला पाचवा महिना होता.

"कामगार कायद्याचं काही पुस्तक आहे का?" तिने विचारलं.

ग्रंथपाल पुंजाराम यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमचं कपाट ते खालचं."

"मला ते वरचं हवं."

"वर्गणीदार कोण? मिस्टर ना? मग त्यांना पाठवा. हवं तर इथे बसून वाचा."

ती बसली. टेबलाभोवती सगळे पुरुष वर्तमानपत्रं वाचत होते. त्यांतला एक जण मोठ्याने म्हणाला, "आज घरी स्वयंपाक लवकर आटोपला वाटतं!" बाकीचे हसले. मालनने मान वर केली नाही. एक्केचाळिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

त्या पानावर लिहिलं होतं, की बाळंतपणासाठी बाईला पगारी रजा मिळते आणि त्या कारणावरून तिला कामावरून काढता येत नाही.

तिच्या कारखान्यात मात्र वेगळाच कायदा चालायचा. मुलगी कामावर लागली की पहिल्याच दिवशी तिच्याकडून राजीनाम्यावर सही घ्यायचे. तारखेची जागा कोरी ठेवायचे. पोट दिसू लागलं की साहेब तारीख टाकायचे, बाई घरी. सिन्नरकडची बायडाबाई सात वर्षं काम करून अशीच घरी गेली होती. शेंडेफळ चालायला लागल्यावर तिला परत घेतलं, पण नवी म्हणून, सगळ्यांत खालच्या पगारावर. तिची सात वर्षं जणू कधी झालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालनचा नवरा भिकन वाचनालयात आला. तो एस.टी.च्या डेपोत कारकून होता. "पुस्तक माझ्या नावावर लिहा," तो पुंजारामांना म्हणाला, "पण वाचणार ती आहे." माझ्या कार्डावर भिकनचं नाव चढलं. भला माणूस होता तो, तरी मला चीड आली. डोळे तिचे, प्रश्न तिचा आणि नाव नवऱ्याचं!

त्या संध्याकाळी मालनने ते पान घरात मोठ्याने वाचलं. सासूबाई यशोदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य सिन्नरला विड्या वळण्यात गेलं होतं. सुनेनं आता नोकरी सोडावी, असंच त्या म्हणत आल्या होत्या. वाचन संपलं तेव्हा त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"भिकन झाला तवा तिसऱ्या दिवशी मी विड्यांचं सूप मांडीवर घेतलं," त्या म्हणाल्या. "अंगात ताप व्हता. आसं पान आसतं, हे मला कुनी सांगितलंच नाय. मालन, तू सही करू नको."

"आत्याबाई, सही केव्हाच दिलीय."

"मंग भांड."

मालनने मला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत अकरा बायका तिच्याभोवती बसल्या. तिने वाचलं. बायडाबाईला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "परत वाच. हळू वाच." मालनने तीनदा वाचलं. डबे तसेच राहिले.

एकोणीस तारखेला साहेबांनी मालनला बोलावलं. तिने मला उघडून टेबलावर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या, बाई. कारखाना कागदावर चालत नाही."

"मग माझ्या सहीच्या कागदावर कसा चालतो, साहेब?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर रखवालदाराने तिला अडवलं. तिच्या राजीनाम्यावर त्याच महिन्याच्या पहिल्या दिवसाची तारीख पडली होती. म्हणजे 'राजीनामा' दिल्यावरही ती एकोणीस तारखेपर्यंत कामावर येत होती, आणि तिच्या हजेरीच्या कार्डावर रोजचा शिक्का होता! रागाच्या भरात साहेबांनी कार्ड पाहिलंच नव्हतं.

अकरा बायका तिच्यासोबत फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. बटणं जुळवण्याचं काम दुपारपर्यंत बंद पडलं. बायडाबाईला आत बोलावून दम दिला, तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा काढलंय साहेब. आता कशाला भ्यायचं?"

प्रकरण सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलं आणि चौदा महिने चाललं. मालनला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन ती तारखांना जायची, मी पिशवीत असायचे. समोरचे वकील म्हणायचे, "अशा अवस्थेत बाईने घरी बसावं, यात तिचंच भलं आहे." भलं! जिचं भलं व्हायचं होतं, तिला कोणी विचारलं होतं का? मला जीभ असती, तर मी तिथेच ओरडले असते.

शेवटी निकाल लागला. मालन कामावर परत गेली, रजेचा पगार मिळाला. सगळ्या बायकांचे बिनतारखेचे राजीनामे परत द्यावे लागले. बायकांनी ते फाटकासमोरच फाडले. साहेबांना शिक्षा काय झाली, विचारता? त्यांना बढती मिळाली. ते दुसऱ्या गावी मोठ्या कारखान्यात गेले.

मालनने वाचणं सोडलं नाही. आता तिला स्वतःच्या नावाने वर्गणी भरायची होती. पुंजारामांनी आधी नियमांची वही चाळली. बाईला वर्गणीदार करू नये, असं त्यात कुठेच नव्हतं. "इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही," ते ओशाळून म्हणाले. मालन बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली. १९८३ मध्ये तिने बटणांचं काम स्वतःच्या इच्छेने सोडलं आणि कामगार संघटनेच्या कचेरीत अर्ज लिहिण्याचं काम घेतलं. लोक म्हणाले, "एवढी भांडून मिळवलेली नोकरी सोडली?" ती म्हणाली, "काढून टाकणं वेगळं आणि आपण पुढे जाणं वेगळं."

दोन वर्षांनी वाचनालयाने मला जीर्ण म्हणून बाद केलं. मालनने मला मागून घेतलं.

१९८६ मध्ये बायडाबाई कामावरून निवृत्त झाली. निवृत्तीचे पैसे देताना तिची नोकरी दुसऱ्यांदा लागल्यापासूनच मोजली होती. ती कचेरीत आली आणि मला हातात धरून म्हणाली, "मालन, तुझ्या या पुस्तकात माझी सात वर्सं कुठल्या पानावर हायेत?"

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. माझ्यात तसं पान नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी घडलेल्या अन्यायाचं काय करायचं, हे मला लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

मालनने पेन काढलं. "पान नसेल तर आपण लिहू या, बायडाबाई. पहिल्यांदा कामावर लागलात ते साल सांगा." त्या अर्जाला आज दोन वर्षं झाली. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला मालन स्मरणपत्र पाठवते, आणि त्याखाली बायडाबाई सही करते. अंगठा नाही, सही. साठाव्या वर्षी ती अक्षरं शिकली.

माझी शिवण सुटली आहे, कडा कुरतडल्या आहेत. मला डकवा, चिकटवा, नवा पुठ्ठा घाला, मी आभारी राहीन. पण मला जपायचं म्हणून कपाटात कुलूपबंद करू नका. तुमच्या घरात आई असेल, बहीण असेल, शेजारीण कामावर जात असेल. तिला विचारा, तुला काय वाचायचं आहे? आणि ती मागेल ते, कितीही वरच्या खणात असलं तरी, काढून तिच्या हातात द्या.