नमिताचा मुकादम

“मेलं! पुन्हा मेलं!” नमितानं खुर्ची मागं ढकलली आणि लॅपटॉपकडं हात करून म्हणाली, “ऐंशी टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखं येतं आणि मग फतकल मारून बसतं!”

अंगणातल्या मांडवात अमोल गणपतीच्या सोंडेला रंग देत होता. ब्रश न थांबवता त्यानं विचारलं, “कितव्यांदा?”

“मोजू नकोस. मोजलंस तर त्या गणपतीला तुझंच गाऱ्हाणं घालीन.”

नवऱ्याला दम भरून ती पुन्हा बसली. दुसरं करणार काय? आज रविवार आणि परीक्षा उद्याच होती. रोह्याच्या कंपनीत नमिता टाइम ऑफिसला होती. कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं, कुणाची शिफ्ट बदलली, हे लिहिता लिहिता तिची पस्तिशी उलटली होती. आणि आता कॉम्प्युटर विभागात एक जागा निघाली होती. तिथल्या समीक्षा मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, “सर्टिफिकेटं सगळेच आणतात. तुम्ही घरी लॅब केलीय म्हणता ना? मग सोमवारी इथून उघडून दाखवा.”

लॅब म्हणजे काय, तर पेणच्या घरातली मागची खोली आणि तिच्यात एक जुना सर्व्हर. पनवेलच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून तो भंगारात निघालेला. अमोलनं टेम्पोतून आणला, तो गणपती नेतात तसा पेंढ्यात बसवून. त्या एकाच लोखंडी पेटीत पाच-सहा कॉम्प्युटर गुण्यागोविंदानं नांदवायचे, ही त्यातली विद्या. ते कॉम्प्युटर दिसत नाहीत, पण असतात. आणि त्या सगळ्यांवर देखरेख करणारा एक व्यवस्थापक सर्व्हर लागतो. बाकी सगळं नमितानं जमवलं होतं. हा व्यवस्थापक तेवढा बसायला तयार नव्हता.

“मी सांगते आई तुम्हांला,” तिनं दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूला सांगितलं. “तुमच्या मिठागरावर मुकादम असायचा ना? तसा हा. माणसं आलीत, खोपी बांधून झालीत, मुकादमच येत नाही.”

कृष्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. जन्म खाडीच्या काठी मीठ ओढण्यात गेलेला, त्यामुळं मुकादम हा विषय त्यांच्या हातातला. “येत नाय म्हंजे? पगार वाढवून मागतो का काय मेला?”

“पगार मागितला असता तर दिला असता हो! काय मागतो तेच कळत नाही.”

तिनं काय नाही केलं? मुकादमाचं नाव दिलं की पत्ता मिळतो का पाहिलं, पत्ता दिला की नाव मिळतं का तेही पाहिलं. जागा पुरेशी होती. मेमरी पुरेशी होती. फाइल बिघडली असेल म्हणून काल ती सगळी पुन्हा उतरवून घेतली. त्यासाठी अमोलचा मोबाइल खिडकीच्या वरच्या फळीवर बांधून ठेवला होता, कारण नेटची रेंज तिथंच यायची. एवढं करून मुकादम आपला ऐंशी टक्क्यांवर रुसलेला. मनात आलं, जाऊ दे, सांगावं मॅडमना की नाही जमलं. आपण टाइम ऑफिसच्या, टाइम ऑफिसातच बऱ्या. या विचारानं तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच पाण्याचा तिला रागही आला.

“बसते आता, वाचतेच,” ती दात-ओठ खात म्हणाली आणि तिनं नोंदींची फाइल उघडली. मशीन काम करताना स्वतःशी जे पुटपुटतं, ते सगळं तिच्यात उतरलेलं असतं. हजारो ओळी. दुसरा कुणी पाहून पळाला असता. पण बाई टाइम ऑफिसातली! कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, हे बघायची नजर तयार होतीच. एकेक ओळ खाली सरकत गेली आणि एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

“अगं बाई! वेळ जुळत नाहीये!”

मुकादम आपली वेळ इंटरनेटवरून घेत होता आणि पेटी घेत होती स्वतःच्या पोटातल्या घड्याळावरून. दोघांचा मेळ बसेना, म्हणून मुकादम आत यायला तयार नव्हता. पण मेळ का बसू नये? पेटीतला सेल मेलेला होता, त्यामुळं चालू करताना दर वेळी वेळ हातानं घालावी लागायची. ती नमितानं घातलीच होती, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून. घरात असताना घड्याळ म्हणजे ते. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वेळेकडं तिची नजर कधी जातच नसे.

“आणि ते घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे, हे मला ठाऊक नाही का? रोह्याची गाडी चुकू नये म्हणून मीच केलंय ते पुढं. पाच मिनिटं वजा करूनच वेळ घातली मी!”

मांडवातला ब्रश थांबला.

“नमे,” अमोल दारात येऊन म्हणाला. त्याच्या नाकाला सोनेरी रंग लागलेला. “पाच नाय, पंधरा.”

“पंधरा कशी?”

“धा मिनिटं मी केलेली. तुझी धावपळ बघवत नव्हती गो. म्हटलं, हिला सांगितलं तर ही हिशेब करून परत तेवढाच उशीर करील. म्हणून नाय सांगितलं.”

नमितानं लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा कोपऱ्यात पाहिलं. “पंधरा नाहीत रे. पंचवीस आहेत.”

मग दोघांनी एकदमच दाराकडं पाहिलं. कृष्णाबाई सुपातला एकच खडा फार मन लावून शोधत होत्या.

“आई?”

“काय गो? धाच केली मी! मला काय म्हाईत, ह्यानंबी केलीत?” आणि मग त्या हळूच म्हणाल्या, “तुझी गाडी चुकलेली नाय का पावसाळ्यात? फलाटावर बसून रडलीस, घरी येऊन जेवली पण नायस. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर चढले आन काटा फिरवला. पडले असते तर माझी मी पडले असते.”

“म्हणून हिचा रोज स्टेशनावर निवांत चहा होतो!” अमोल ओरडला. “आन मला सांगते, माझी चालच झपाझप हाय!”

नमितानं कपाळावर हात मारला आणि तिला असं काही हसू फुटलं की खुर्ची हलायला लागली. हसताहसता ती उठली आणि सासूच्या गळ्यातच पडली. “अहो, साऱ्या कंपनीच्या वेळा मी बघते आणि माझ्याच घरात माझी वेळ तिघांनी तीन ठिकाणी नेली!”

“तांदूळ सांडतील गो!” कृष्णाबाई ओरडल्या, पण त्यांनी तिचा हात काही सोडला नाही.

मग पेटीला खरी वेळ दिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. साठ, सत्तर, ऐंशी. ऐंशीला तिघांनी श्वास रोखला. एक्क्याऐंशी झालं तेव्हा अमोलनं रंगाच्या हातानंच टाळी वाजवली. दुपार कलता कलता मुकादम आपल्या जागेवर येऊन बसला आणि कृष्णाबाईंनी त्याच्यापुढं गुळाचा खडा ठेवला.

सोमवारी रोह्यात समीक्षा मॅडमनी आपल्या टेबलावरून, फळीवरच्या त्या मोबाइलमार्फत, पेणची ती खोली उघडली. सगळी मशीनं मुकादमाच्या हाताखाली मुकाट कामाला लागलेली. “कुठं अडलं होतं का?” मॅडमनी विचारलं. लपवायचं कशाला? नमितानं पंचवीस मिनिटांची सगळी हकिकत सांगून टाकली. मॅडम चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“टाइम ऑफिसला नवीन माणूस बघायला सांगते,” त्या म्हणाल्या. “पहिल्या तारखेपासून तुम्ही इकडं.”

नमिता बाहेर आली ती तरंगतच. तिनं घरी फोन लावला. गडब गावी भाचीकडं बारसं होतं, पण कुणी चुकून बटण बंद करू नये म्हणून कृष्णाबाई बारसं सोडून सकाळपासून मागच्या खोलीत राखण करत बसल्या होत्या.

“आई, झालं! घेतलं मला!”

“झालं? माझी बाय ती!” पलीकडून आवाज कापरा झाला.

“आता मशीन बंद करा. काळं बटण दाबून धरा आणि जा तुम्ही बारशाला. दुपारची गाडी मिळेल.”

“बारशाला जाईन की. पण ही पेटी राहू दे चालू.”

“का हो? लाइट जळते उगाच.”

“जळू दे.” फोनमधून पेटीच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. “तू सकाळी गेलीस, अमोल मांडवात गेला की घर कसं गप होतं गो. आज हिचा आवाज होता. तूच घरात हायस असं वाटलं.”

नमिता कंपनीच्या फाटकाशी थांबली.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “मी आल्यावर बघू.”