पान ओढून बघा

तलाठ्याने बांधावरूनच निकाल दिला. "पडीक जमीन. नुसतं गवत माजलंय."

माझ्या सासूने, सुगंधाबाईने, कपाळाला हात लावला नाही की ती पाया पडली नाही. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हाई गवत नई, भाऊसाहेब. बांबू शे."

छप्पन सालचा भादवा होता. आम्ही बुरूड माणसं, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला राहणारी. दोन वर्षांपूर्वी सरकारने आम्हाला अर्धा एकर दिला होता, पण अट अशी की पडीक ठेवला तर परत घेणार. त्यात त्या वर्षी डोंगरातला बांबू फुलावर आला आणि सगळाच्या सगळा वाळून गेला. तसा तो माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळीच फुलतो. आता सुपं आणि टोपल्या कशाच्या विणायच्या? सासूने डोंगरातलं बी पदरात भरून आणलं आणि इथे पेरलं. गाव हसलं. आम्हाला त्याची सवय होती.

निंदणी मात्र तिने होऊ दिली नाही. कोवळेपणी बांबू आणि गवत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, खुरप्याखाली नेमका बांबू जाईल, म्हणायची. यावरून मी तिच्याशी दोनदा भांडले. खोटं कशाला बोलू, मलाही ते सगळं गवतच वाटत होतं.

तलाठ्यासोबत पंच म्हणून भटू पाटील आला होता. ही जमीन सुटली की त्याच्या म्हशींना चराई मिळणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक. "गवतच आहे," तो म्हणाला. "माझ्या म्हशीलासुद्धा कळेल."

"मंग म्हैसले पंच करा," सासू म्हणाली. मला हसू आवरेना.

तिने खाली बसून दोन काड्या उपटल्या आणि तलाठ्यापुढे धरल्या. "पान वढा."

गवताचं पान ओढलं तशी काडीची सालही त्याच्याबरोबर सोलून आली, कारण ते पान काडीलाच गुंडाळलेलं असतं. बांबूचं पान मात्र टचकन सुटलं. त्याच्या बुडाशी सुतासारखा बारीक देठ होता.

"दखा. गवतले देठ ऱ्हास का?"

तलाठ्याने चष्मा वर केला. आणखी पाच-सहा पानं ओढली. माणूस वाईट नव्हता, पण हार मानणं त्याच्या नोकरीत बसत नसावं. "असेल बांबू," तो म्हणाला. "पण यंदा डोंगरभर बी सांडलंय, इथेही आपोआप पडलं असेल. आपोआप उगवला तर ते जंगल झालं. त्याला लागवड म्हणता येणार नाही."

म्हणजे गवत असलं तरी जमीन जाणार आणि बांबू असला तरी जाणार. माझ्या अंगाची आग आग झाली. तोंडाला येईल ते बोलणार होते, तेवढ्यात सासूने माझा हात खाली ओढला. "बस. देठ नई ते उपट."

आम्ही दोघी उकिडव्या बसलो. पान चाचपायचं, देठ लागला की सोडायचं, नाही लागला की उपटायचं. हळूहळू डोळ्यांची गरजच राहिली नाही, बोटांनाच कळू लागलं. तलाठी आधी बांधावर चुळबुळत होता, मग निंबाखाली जाऊन बसला. भटूने जायची घाई केली. "तुम्हीबी बठा," सासू मागे न बघता म्हणाली. ऊन डोक्यावर आलं, माझी पाठ मोडून निघाली, पण मी उठले नाही. त्या दिवशी मी कोणासाठीही उठले नसते.

दुपारी सासू उठली आणि तलाठ्याला बांधाच्या टोकाला घेऊन गेली. गवत निघालेल्या पट्ट्यात बांबूची रोपं उभी होती, वीतभर अंतरावर एकेक, चार सरळ ओळींत.

"जंगल काय दोरी धरीसन पेरस, भाऊसाहेब? हाई मी पेरेल शे."

तलाठी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. वहीतलं 'पडीक' खोडून त्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "बांबू. बी पेरून लागवड. कसणारी सुगंधाबाई."

भटू चपला शोधू लागला.

"कोठे चालना?" सासू म्हणाली. "पंच शे ना तू? ये, सही कर."

भटूने तलाठ्याकडे पाहिलं. तलाठ्याने टाक पुढे केला. मग भटूने सही केली. वाकडी केली, पण केली.