ब्रेकखालचं रबर

आमच्या पुढच्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा नाही. सीट मात्र आहे, आणि तीही ड्रायव्हरची. भंगारात निघालेल्या गाडीतून भावजींनी ती उचलून आणली, जुन्या पलंगाच्या फळ्या कापून त्यांवर बोल्टांनी आवळली, पुढे स्टेअरिंग बसवलं, खाली लोखंडी पट्टीवर तीन पेडल ठोकली आणि समोर आमचा टीव्ही. आता त्या टीव्हीवर दिवसभर रेसच्या गाड्या घुर्र घुर्र करत पळतात. मला बातम्या बघायच्या असल्या तर शेजारणीकडे जावं लागतं.

भावजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. स्वतःचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, केस पांढरे झालेत, पण हे अजून त्यांना ‘छोट्या’च म्हणतात. आणि हे, म्हणजे आमचे मिस्टर, उभा जन्म बस चालवली ह्यांनी. एका सकाळी दाढी करता करता उजवी बाजू गेली. मग हळूहळू बोलणं आलं, हात आला, चालणंही आलं. पाय पूर्ण आला असं हे म्हणतात. डॉक्टर म्हणतात, ‘बघू.’ डेपोनं सांगितलंय की टेस्ट द्या. ब्रेक पूर्ण दाबता आला तर बस तुमची, नाही जमलं तर गेटवर खुर्ची टाकून आत-बाहेर होणाऱ्या बसचे नंबर लिहा.

गेटवर! ज्या माणसाला घरात घटकाभर एका जागी बसवत नाही, त्याला गेटवर! टेकले कुठे, की डावा गुडघा सुरू, माझ्या मशीनच्या सुईसारखा वरखाली, वरखाली. खिडकीतून रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरचा उद्धार चालू. ‘अरे, क्लचवर काय नाचतोस, गिअर टाक की!’ मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. दुकान घराला लागूनच आहे, मधलं दार उघडं असतं, आणि त्या दारात हे सारखे उभे.

‘‘काय करतेस?’’

‘‘शिवतेय.’’

‘‘काय शिवतेस?’’

‘‘या इकडे, तुमचं तोंड शिवते.’’

मी अशीच आहे. हळू बोलणं, हळू चालणं, हळू दार लावणं, मला काही म्हणता काही हळू जमत नाही. पण आतून माझाही जीव टांगणीला लागला होता. रस्ता गेला तर हा माणूस नुसता उरेल, जगणार नाही, हे मला कळत होतं.

म्हणून भावजींनी ही टूम काढली. त्यांना व्हिडिओ गेमचा नाद जुनाच. ‘‘वहिनी, दादाला घरातच गाडी देऊ. पायाला व्यायाम, डोक्याला विरंगुळा आणि तुमच्या कानांना आराम.’’

‘‘करा काय करायचं ते,’’ मी म्हटलं, ‘‘पण माझ्या कात्रीला हात लावायचा नाही.’’

लावलाच.

बाकी सगळा जुगाड होता, पण ब्रेकपाशी भावजी हट्टाला पेटले. घरातला वजनकाटा, आपण उभं राहून वजन बघतो तो, काखेत मारून डेपोत गेले. उभ्या असलेल्या बसच्या ब्रेकवर तो काटा धरला, वरून पायानं दाबून पेडल तळाला नेलं आणि आकडा बघून आले. मग इथे आमच्या पेडलवर तोच काटा. पेडल किती खाली गेलं ते एक सेन्सर मोजतो आणि टीव्हीच्या कोपऱ्यात लाल पट्टी चढते. पट्टी टोकाला गेली की ब्रेक पूर्ण लागला. पेडलखाली आधी स्प्रिंग घातली, ती फारच नरम. मग कुठल्याशा इंजिनखालचं जुनं रबर आणलं आणि ते कापत, घासत बसले. शेवटी पट्टी भरली आणि काट्यावर डेपोतलाच आकडा आला, तेव्हा ह्या बाप्यानं त्या काळ्याकुट्ट रबराचा मुका घेतला. म्हणाले, ‘‘हा ब्रेक खोटं बोलणार नाही, वहिनी.’’

आणि हे रेस खेळायला लागले. काय सांगू! वळणाआधी हात आपोआप इंडिकेटरकडे जायचा, तिथे इंडिकेटर कुठला? मागून कोणी आलं की बाजूला होऊन वाट द्यायची. एकदा पुढची गाडी उलटली तर ह्यांनी आपली गाडी कडेला घेऊन उभी केली.

‘‘अहो, सगळे गेले की पुढे!’’

‘‘जाऊ देत. त्याला लागलं असेल.’’

रेसमध्ये हे शेवटून पहिले. त्याचं ह्यांना काही नव्हतं. ह्यांचे डोळे त्या लाल पट्टीवर. पट्टी अर्ध्यापर्यंत चढायची आणि थरथरत तिथेच थांबायची. मग सीटला दोष. सीट पुढे घ्या, मागे घ्या. मग पेडल तिरकं आहे. मग फळी लवते, खालून लोखंडी अँगल मारा. मग चप्पल घसरते. भावजी रोज वर्कशॉप बंद करून येत आणि सगळं उसकटून पुन्हा बांधत. खोलीभर पाने, बोल्ट आणि लाकडाचा भुसा. माझ्या तोंडून गेलंच, ‘‘नाचता येईना अंगण वाकडं!’’

बोलले आणि जीभ चावली. पण हे हसले. ‘‘अगं, अंगण खरंच वाकडं आहे. छोट्यानं बांधलंय ना!’’

सगळे हसलो. डावा गुडघा मात्र हलतच होता.

आणि मग एका संध्याकाळी आतून अशी आरोळी आली की मी हातातलं कव्हर टाकून धावले. पट्टी भरली होती! टोकापर्यंत! ह्यांनी सोडून पुन्हा दाबलं, पुन्हा भरली. भावजी टाळ्या पिटत होते. मला रडूच फुटलं, तिथेच दाराला टेकून मी ढसाढसा रडले, आणि हे म्हणाले, ‘‘रडतेस काय, पहिल्या फेरीला तूच बस माझ्या मागच्या सीटवर.’’ त्या दिवसापासून पट्टी रोज भरायला लागली. ह्यांनी युनिफॉर्म काढून इस्त्रीला दिला. माझा जीव भांड्यात पडला.

टेस्ट उद्यावर आली. सकाळी मी म्हटलं, लगे हात त्या सीटचं फाटकं कव्हर बदलून टाकते. हे म्हणाले, ‘‘मी चालवत असतानाच कर, मला थांबायला सांगू नकोस.’’ म्हणून मी गुडघ्यांवर बसून, ह्यांच्या पायांशी वाकून, खालचे हूक लावत होते. कान अगदी पेडलजवळ. ह्यांनी ब्रेक दाबला.

फुस्स.

मी थांबले. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. रबर असं कशाला करेल? दाबल्यावर श्वास सोडतो तो फोम. माझं आयुष्य गेलं सीटमध्ये फोम भरण्यात, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पण तोंडातून अक्षर काढलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

हे केस कापायला न्हाव्याकडे गेले तसा मी पेडलखाली हात घातला आणि तो तुकडा उपसून काढला. वरून काळं रेक्झिन, शिवलेलंसुद्धा नाही, गमनं चिकटवलेलं. आत पिवळा फोम. माझाच! डोकं टेकायच्या उशीत घालते तो, सगळ्यात मऊ. कापलाही माझ्याच कात्रीनं.

तशीच वर्कशॉपमध्ये गेले. भावजी वेल्डिंग करत होते. मी तो तुकडा टेबलावर आपटला.

‘‘हे काय आहे?’’

त्यांनी चष्मा वर केला. बघितलं, आणि मशीन बंद केलं.

‘‘वहिनी, हळू बोला.’’

‘‘नाही बोलणार हळू! हा ब्रेक खोटं बोलणार नाही म्हणाला होतात ना?’’

‘‘काय करू मग?’’ त्यांचा आवाज फुटला. ‘‘रोज दादा माझ्याकडे बघायचा. छोट्या, अँगल मार. छोट्या, सीट सरकव. अँगलमध्ये काही नव्हतं, वहिनी. पायात होतं. मला त्याचं तोंड बघवेना. म्हटलं, जरा उमेद आली तर पायही येईल. मग रोज थोडं थोडं कडक करत नेईन.’’

‘‘नेलंत?’’

त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

‘‘उद्या चारचौघांत फजिती होईल त्यांची.’’

‘‘नाही होणार. टेस्ट घेणारा दादाच्या हाताखाली शिकलाय. आवारात एक चक्कर मारायची, बस. तो काटा-बिटा लावत नाही. रिकामी बस, सपाट जागा. दादा पास होईल, वहिनी. तुम्ही फक्त गप्प बसा.’’

क्षणभर, खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. इस्त्रीचा युनिफॉर्म डोळ्यांसमोर आला. पहिल्या फेरीची मागची सीट डोळ्यांसमोर आली. आणि मग त्या सीटच्या मागची सीट आली, आणि तिच्या मागची.

‘‘टेस्टला बस रिकामी असते, भावजी,’’ मी म्हटलं. ‘‘नंतर भरते. रबर द्या इकडे.’’

त्यांनी खिशातून काढलं. खिशात घेऊन फिरत होते वेडे!

रबर आणि तो फोमचा तुकडा घेऊन मी निघाले, ते माझ्या मागोमाग घरी आले. वाटेभर एकच, ‘‘नका, वहिनी. उद्याचा दिवस जाऊ दे.’’ मी रबर जागेवर बसवलं, उठून हात पुसते तोच हे आले, केस बारीक केलेले, मानेवर पावडर. चेहरा असा की लग्नाला निघालेत. ‘‘चला, शेवटचा सराव,’’ म्हणाले आणि सीटवर बसले.

पहिलं वळण आलं. ब्रेक. पट्टी अर्ध्यावर.

पुन्हा. अर्ध्यावर. गाडी सरळ जाऊन भिंतीला धडकली.

ह्यांनी खाली वाकून पेडल हलवून बघितलं. ‘‘छोट्या, तू हात लावलास याला?’’

भावजी दारात उभे. ‘‘गार हवेनं कडक झालं असेल रबर, दादा. बदलतो मी. आत्ता बदलतो.’’

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, ते जमलं नाही. खाली टाकलेला फोमचा तुकडा मी उचलायला विसरले होते. ह्यांनी तो उचलला, दोन बोटांत दाबला, फुस्स केला आणि स्टेअरिंगशेजारी ठेवला.

‘‘तू बस इथे,’’ मला म्हणाले.

‘‘मी? मला काय येतं त्यातलं?’’

‘‘तुझा पाय मशीनवरचा आहे. बस. रबर कडक झालंय का बघू.’’

हे उतरले. मी बसले. माझे पाय पोचेनात. ह्यांनी वाकून सीटची दांडी ओढली आणि मला पुढे सरकवलं. शेजारच्या स्टुलावर बसले. डावा गुडघा हलत होता.

‘‘समज, कोणी मधे आलं. दाब.’’

दारातून भावजी माझ्याकडे बघत होते आणि नुसते ओठ हलवत होते. हळू. हळू.

हळू दाबलं असतं तर पट्टी अर्ध्यावर राहिली असती. दोष रबराचा ठरला असता, उद्या टेस्ट झाली असती, परवा बस मिळाली असती. एवढंसं काम, आणि तेही माझ्या पायात. मला हळू काही जमत नाही असं मी मघाशी म्हटलं, पण तेव्हा जमलं असतं. देवाशपथ जमलं असतं.

मी पूर्ण जोर लावला. पट्टी एका दमात टोकाला गेली.

टीव्हीतल्या बाकीच्या गाड्या घुर्र करून निघून गेल्या.

‘‘अंगण सरळच आहे,’’ हे म्हणाले.

मग ह्यांनी फोन काढला. डेपोचा नंबर पाठच होता. ‘‘साहेब, उद्या माझ्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. नाही, नाही, तब्येत चांगली आहे. पाय नाही आला अजून. हो, गेटवर कधीपासून येऊ ते सांगा.’’

भावजी दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभे होते. ह्यांचा डावा गुडघा थांबला होता. इतके महिने मी त्या गुडघ्यावर खेकसले होते, आणि आता तो थांबला तर मला सहन होईना. माझा पाय पेडलवर तसाच होता. उचलायचं भानच नव्हतं मला, दाबूनच बसले होते मी, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘अगं, काढ आता पाय,’’ म्हणाले. ‘‘थांबली गाडी.’’